लेकुरवाळी

आषाढ सरायला दोन दिवस उरले होते. श्रावण लागला की आईच्या घरात महिनाभर मासळीचा वासही चालत नाही, म्हणून सकाळी चहा होताच पिशवी घेऊन तलावाच्या मातीच्या पाळीवर गेले. रात्रभर लागलेली झड नुकती थांबली होती. पाळीवरच्या मोहांवरून टपटप थेंब गळत होते, ओल्या शेणाचा आणि कुजल्या पानांचा वास सुटला होता, पलीकडच्या धानाच्या बांध्यांतून चिखलणीच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. पाणी सोडायच्या तुडुमाजवळच्या दगडावर मासळी विकणारी मावशी बसली होती. पुढ्यात जर्मनचा गंज, त्यात ओंजळभर बारीक मासळी आणि दोन वाघूर मासे. मी विचारलं, "मरळ नाही का मावशी?" तिने नुसती पाण्याकडे मान वळवली. काठापासून पाच-सहा हातांवर, गवताच्या कडेला, पाण्यावर ताटाएवढा तांबूस डाग दिसत होता. तो हलत होता. आधण येताना भांड्यात जशी खळबळ होते तसा तेवढाच तुकडा खालून ढवळला जात होता आणि हळूहळू पुढे सरकत होता. "थे पाहा," मावशी म्हणाली, "पिल्लं होत. खाली माय हाये." दोन किलोची तरी असेल, असंही म्हणाली. मी लगेच म्हणाले, "मग काढ ना. पाचशे देते." तिने माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. घरातलं मीठ संपलंय हे जसं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "लेकुरवारी हाये ना बाई. नाही काढत." आणि वाघूर तोलायला घेतले.

एवढंच झालं. पण तो आवाज काही केल्या डोक्यातून जाईना. वाघूर चुलीवर शिजत असताना, आई मिरच्या वाटताना, दुपारी खाटेवर पडल्यावर, सारखं तेच. पाचशे देते, असं मी किती सहज म्हणाले होते. नागपुरात भाजीवाल्याशी बोलते तसं. आणि तिला त्या पाचशेंची गरज होती, हे मला तिच्या पातळाकडे पाहून कळत होतं.

आमच्याकडे, साकोलीहून अर्जुनी मोरगावकडे जाणाऱ्या या पट्ट्यात, 'ळ' जिभेवर टिकत नाही, त्याचा 'र' होतो. डोळा होतो डोरा, काळा होतो कारा. त्यामुळे लेकुरवाळी हा शब्द मी लहानपणापासून 'लेकुरवारी' असाच ऐकला आणि तो नेहमी बाईसाठीच ऐकला. त्या शब्दाबरोबर काही सवलती यायच्या. बैलबंडीत बसायला जागा कमी पडली तर लेकुरवारी आधी बसायची. रोवणीच्या पातीत तिला धुऱ्याजवळची, म्हणजे शेताच्या बांधाजवळची, जागा मिळायची, कारण धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधलेली असे आणि पोर रडलं की तिला चटकन जाता यावं. ती उठून गेली तर तिच्या वाटचे पऱ्हे शेजारची रोवून टाके. कुणी हिशेब ठेवत नसे. त्या सकाळी मावशीने हीच सवलत एका मासळीला दिली होती, इतक्या सरळपणे की त्यात काही वेगळं केलंय असं तिच्या चेहऱ्यावर दिसलंही नाही.

मरळ पिल्लं राखते हे मला माहीत होतं, पण पुस्तकातलं माहीत असणं निराळं. अंडी घालायला गवतात जागा साफ करते, पिल्लं निघाली की नर-मादी त्यांच्या खाली-मागे फिरत राहतात. पिल्लांना हवा घ्यायला सारखं वर यावं लागतं, म्हणून तो तांबडा डाग पाण्यावर दिसतो. दिसतो तो बगळ्यालाही आणि जाळंवाल्यालाही. ज्याला मरळ पकडायची आहे त्याला याहून सोपी वेळ नाही, कारण ती पिल्लं सोडून पळत नाही. आणि ती गेली की त्या पिल्लांचं थोड्याच वेळात दुसऱ्या मासळीच्या पोटात काय होतं, हेही मावशीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दोन दिवसांनी जिवती होती.

ज्यांचं बालपण भंडारा-गोंदियाकडे गेलं त्यांना जिवतीची अमावास्या वेगळी सांगायला नको. सकाळी आई भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवायची. त्यात वर नरसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, खाली जरा-जिवंतिका, त्यांच्या मांडीवर, खांद्यावर, अंगाखांद्याला लोंबकळणारी पोरं. मी ती पोरं मोजायची. पुरणाचा वास घरभर भरलेला असायचा, आणि दारात एकेक जण येऊन जायचा. लोहार यायचा, दाराच्या चौकटीत खिळा ठोकायचा. गुराखी कडूनिंबाचा डहाळा आणून छपराच्या वळचणीला खोचायचा. आणि मग मासे धरणारा ढिवर यायचा, खांद्यावर जाळं घेऊन. आम्हा पोरांना आंगणात ओळीनं पाटावर बसवायचे आणि तो आमच्या डोक्यावरून जाळं पसरायचा.

ते जाळं मला अजून अंगावर जाणवतं. ओलं, जड, चिखलाच्या आणि मासळीच्या वासाचं. कडेला बांधलेल्या शिशाच्या गोळ्या पाटावर टकटक वाजायच्या. आतून सगळं आंगण चौकटी-चौकटींचं दिसायचं, आई, आजी, तुळशीचं वृंदावन, दाराशी बसलेलं कुत्रं. धाकटा भाऊ घाबरून रडायला लागायचा आणि आजी म्हणायची, "रडू नको रे, आता तुले काही होत नाही." क्षणभरात तो जाळं उचलून घ्यायचा. रोगराई जाळ्यात अडकते, पोर निसटून वर येतं, असा काहीसा त्याचा अर्थ मोठी माणसं सांगत. ज्या जाळ्यात दिवसभर जीव अडकतात तेच जाळं वर्षातून एकदा जीव राखायला वापरायचं, हे तेव्हा विचित्र वाटलं नाही. आता त्यावर विचार करते तर वाटतं, हे सुचणारी माणसं पाण्याच्या फार जवळ राहिलेली असणार.

पण त्या आठवणीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती सोडून मला पुढे जाता येणार नाही. ढिवर आंगणातच थांबायचा. ओसरीवर चढायचा नाही. आजी सुपातून पायलीभर धान आणायची आणि त्याच्या पसरलेल्या दुपट्ट्यात वरून ओतायची, दोघांच्या हातांत अंतर राखून. माझे आजोबा त्याच्या बायकोला, म्हणजे आज पाळीवर बसणाऱ्या या मावशीच्या सासूला, नुसत्या नावानं हाक मारायचे, आणि ती त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर सावरून उभी राहायची. मी आज हिला मावशी म्हणते, ती मला बाई म्हणते आणि 'तुमी' म्हणते. मी कितीदा सांगितलं तरी तिचं 'तुमी' जात नाही. गावच्या रीतीभातींबद्दल लिहिताना आपण जाळ्याचं लिहितो, पुरणाचं लिहितो. ते ओतलेलं धान मात्र लिहिताना राहून जातं.

आमचं घर कोहळ्यांचं, म्हणजे तलाव बांधणाऱ्या जातीचं. पणजोबांच्या बापानं हा तलाव बांधला असं घरात सांगतात. कागद कुणाकडे नाही. पण या भागात ते नवलाचंही नाही. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधील त्याला जमीन द्यायची रीत घातली, त्या जमिनीला तुकूम म्हणत, आणि आजही कितीतरी गावांच्या नावाला ते तुकूम चिकटलेलं आहे. उतार कुठे आहे, पाणी कुठे येतं, कुठल्या दोन टेकड्यांमध्ये माती टाकली की ते थांबेल, हे बिनकागदाचं, बिनदुर्बिणीचं पाहणारी माणसं होती ती. पूर्व विदर्भात असे ६ हजारांहून जास्त तलाव आहेत. नवेगाव बांधचा तर डोंगरांच्या मधोमध बसवलेला. तो १८व्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, आणि ज्या टेकड्यांच्या कुशीत तो आहे त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. तलाव बांधणारा पुढे लोकांच्या लेखी कोलासुर देव होऊन बसला. लहानपणी तिथे गेले तेव्हा मला याचं फार अप्रूप वाटलं होतं की आमच्याकडे माती टाकणारा माणूसही देव होतो.

आमचा तलाव त्या मानानं लहान. पण आजोबा त्याच्याबद्दल बोलायचे ते घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं. दर उन्हाळ्यात, पाणी आटलं की, बंड्या लागायच्या. तळातला काळा गाळ उकरून शेतात जायचा, तेवढाच तलाव खोल व्हायचा आणि शेताला खत मिळायचं. पाळीला कुठे घूस लागली, कुठे मोहाच्या मुळाशी पाणी झिरपतंय, हे पाहायला आजोबा पावसाळ्यात कंदील घेऊन रात्री जायचे. तुडूम म्हणजे पाणी सोडायची दगडी जागा, एकाखाली एक भोकं असलेली. पाणी जसं उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. कुठल्या दिवशी कुणाच्या बांधीत पाणी जाईल हे पाळीवरच्या मातामायच्या देवळापुढे बसून ठरायचं. भांडणं व्हायची, पुष्कळ व्हायची, पण देवळापुढे बसून शिवी देता येत नाही एवढी एक सोय होती.

१९५१ साली मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली. ती जायलाच हवी होती. कुळांच्या पाठीवरचं ओझं उतरलं, त्यात दुसरं मत असायचं कारण नाही. तलाव सरकारजमा झाले, लहान पुढे जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, आणि त्याचं बोलण्यात झालं मामा तलाव. गावाचं म्हणणं, आमचा पाण्याचा हक्क निस्तारात, म्हणजे गावाच्या हक्कांच्या नोंदीत, लिहिलेला आहे, पाणीपट्टी कशाला. सरकारचं म्हणणं, पट्टी नाही तर डागडुजी कुठून. या ओढाताणीत वर्षं गेली. आजोबांनी एका उन्हाळ्यात बंडी जुंपली नाही, "आता काय आपला हाये का" असं म्हणाले, आणि मग कुणीच जुंपली नाही. मी लहान होते, पण ते वाक्य म्हणताना त्यांनी दुसरीकडे पाहिलं होतं हे मला आठवतं.

त्यानंतर तलावात काय काय आलं ते माझ्या डोळ्यांदेखत आलं. बेशरम आली. कुंपणाला म्हणून कुणीतरी आणली असेल. जांभळट फुलं दिसायला छान. तोडली की वाढते, तोडलेला तुकडा चिखलात पडला तरी मूळ धरतो. चार-पाच वर्षांत काठ तिने गिळला. मग रोहू, कटला, मृगळ यांचं बीज आलं. ही मासळी भराभर वाढते, बाजारात खपते, त्यात वाईट काही नाही. पण ती साचल्या पाण्यात अंडी घालत नाही. तिला वाहतं पाणी लागतं. म्हणजे दरवर्षी बीज विकत आणा, त्यासाठी पैसा काढा, पैसा काढला की मासळी निघालीच पाहिजे, मग मधे येणारी मरळ नको, कारण ती बीज खाते, आणि गवत नको, कारण त्यात जाळं अडकतं. असं करत करत मरळ, शिंगूर, वाघूर यांनाच तलावात परकं करून टाकलं. ही मासळी चिखलात दिवस काढणारी, मिरगाच्या पहिल्या पाण्यात ओहळानं वर चढून बांध्यांत शिरणारी. बांध्यांतही आता फवारणी आली. रोवणी करताना पायाच्या बोटांना चाटून जाणारी बारीक मासळी आमच्या पिढीनं शेवटची पाहिली.

आणि देवधान गेलं. तलावाच्या उथळ काठाला आपोआप उगवणारं धान. लोंबी पिकली की लगेच झडते, म्हणून ढिवरांच्या बाया भल्या पहाटे पाण्यात उतरून ते हातानं झाडून टोपलीत घ्यायच्या. नांगर न लागलेलं, कुणी न पेरलेलं, म्हणून उपासाला चालायचं. त्याचा भात तांबूस, जरा चरचरीत, त्याला पाण्यासारखाच एक वास. आजी मूठभर देवधानासाठी ओंजळभर आमचं धान द्यायची, आणि हा एवढा एक व्यवहार असा होता ज्यात ढिवरांच्या बाईचं माप वर असायचं.

ते जिथे उगवायचं तिथे आज आमच्या दोन बांध्या आहेत.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. वडील गेल्यानंतरच्या वर्षी तलाव लवकर आटला तेव्हा दादानं वरच्या अंगाला, उथळ भागात, धुरा टाकला. आधी एक बांधी, दोन वर्षांनी दुसरी. गाळाची जमीन, खत न घालता पीक येतं. एकट्या आमचंच नाही, त्या बाजूनं सात-आठ घरांचे धुरे पाण्यात शिरले आहेत. दादा वाईट माणूस नाही. दोन मुलींची शिक्षणं, आईचं औषध, धानाला मिळणारा भाव, हे सगळं मी नागपुरात बसून पगारावर मोजते आणि तो पोत्यांवर. त्या बांध्यांचे तांदूळ दर दिवाळीला माझ्याकडे येतात. मी ते खाते, शेजारी वाटते, गावचे तांदूळ म्हणून कौतुकानं सांगते. ज्या घरानं तलाव बांधला असं आम्ही सांगतो, त्याच घरानं तो काठाकाठानं परत घ्यायला सुरुवात केली. आणि ज्यांना आम्ही आंगणात उभं केलं त्यांनी उरलेला राखला.

राखला म्हणजे अक्षरशः राखला. गेल्या काही वर्षांत अर्जुनी मोरगावकडच्या काही तलावांत ढिवरांच्या बायांनी जे काम केलं ते आमच्या तलावावरही पोचलं. मावशी मला पाळीवरून चालता चालता ते दाखवत होती. वैशाखात, डोक्यावर ऊन आणि पायाखाली भेगाळलेला तळ अशा दिवसांत, त्यांनी बेशरम मुळासकट उपटली. कुदळीनं खणून, दोघी-तिघी मिळून ओढून, एकही तुकडा मागे न ठेवता काठावर आणून वाळवली आणि जाळली. हाताला तिचा चीक लागून खाज सुटायची. मग पाऊस पडल्यावर दुसऱ्या चांगल्या तलावांतून गाद, चिऊल, पोवन अशी पाणवनस्पती ओल्या पोत्यात गुंडाळून आणली आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहून रोवली. "रोवनीच होय थे," ती म्हणाली, "धानाची नाही तं मासरीची." कुठलं गवत कुठल्या मासळीला लागतं, कशात अंडी राहतात, कशाचं बी पाखरं खातात, हे ती बोटांवर मोजून सांगत होती. दोन गवतांची नावं मला नीट ऐकूही आली नाहीत. पुन्हा विचारल्यावर ती हसली आणि पाण्यात हात घालून दोन्ही उपटून माझ्या हातात दिली. एक रेशमासारखं मऊ होतं, दुसऱ्याची पात बोटाला कापत होती.

काही वर्षांपूर्वी मी गडचिरोलीत मेंढा-लेखाला गेले होते. तिथल्या गोंड गावानं 'मावा नाटे मावा राज' (आमच्या गावात आमचं राज) म्हणत २००९ साली जवळजवळ १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली बांबू वाहून न्यायचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मनात राहिली ती त्यांची बसण्याची पद्धत. तिथे मतदान होत नाही. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. मी विचारलं होतं की अशानं कामं अडत नाहीत का. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, अडतात की. आग्या मोहोळाचं पोळं न जाळता मध कसा काढायचा तेही त्यांनी असंच बसून, अडत अडत ठरवलं. त्या दिवशी मला हे सारं फार संथ वाटलं होतं. आता मावशीचं 'नाही काढत' ऐकल्यावर वाटतं, त्या गावात नाही म्हणणाऱ्याला बसायला जागा आहे, आमच्या तलावावर मात्र मावशीचं नाही तिच्या एकटीच्या गंजापुरतं आहे. पलीकडच्या काठाला दुसऱ्या कुणी जाळं टाकलं तर ती काय करणार? तिचा स्वतःचा मुलगा हैदराबादेत बांधकामावर असतो. गावात येतो तेव्हा आईच्या या रीतीला हसतो. रात्री बॅटरीचा करंट सोडून मासळी मारणारी पोरंही याच गावातली आहेत. त्यात पिल्लं आणि माय, दोन्ही एकदमच उलटी होऊन वर येतात.

मी तिला विचारलं, "पाप लागतं म्हणून सोडतेस का मावशी?" ती थोडा वेळ गवताची काडी चावत राहिली. "पाप-पुन्याचं मले नाही समजत बाई. सासूनं सांगतलं, लेकुरवारी काढू नोको, तं नाही काढत. पोरं मोठी झाली का माह्याच जाऱ्यात येतेत." मग जरा थांबून म्हणाली, "अन् नाही आली तं नाही आली."

शेवटचं वाक्य मला कुठे ठेवावं ते कळत नाही. पर्यावरणावरच्या भाषणांत, मीही शाळेत अशी भाषणं दिली आहेत, आपण नेहमी फायदा सांगतो. झाड लावा, पाऊस येईल. मासे राखा, मासे मिळतील. फायदा खरा आहे, मावशीनंही तो आधी सांगितला. पण तो सांगून झाल्यावर तिच्याजवळ आणखी थोडं उरलं होतं, आणि ते तिनं कुठलाही जोर न देता पुढे ठेवलं. सासूनं सांगितलं म्हणून. ही सासू म्हणजे तीच बाई, जी माझ्या आजोबांपुढे पदर सावरून उभी राहायची. माझ्या आजीनं मला काय काय सांगितलं होतं ते मी रात्री आठवत बसले. देवधान झाडताना थोडं पाण्यात पडू द्यावं, असं तीही म्हणायची. मी ते कुणाला सांगितलं? पडू द्यायला देवधानच उरलं नाही.

जिवतीच्या दिवशी सकाळी आईनं कागद चिकटवला. तिचे हात आता थरथरतात, नरसिंह जरा वाकडा बसला. पुरण वहिनीनं केलं. लोहाराचं घर गावात उरलेलं नाही, म्हणून चौकटीतला खिळा दादानंच ठोकला, आणि कडूनिंबाचा डहाळा येताना मोटारसायकलच्या हँडलला अडकवून आणला. जाळं घेऊन कुणी आलं नाही. बऱ्याच वर्षांपासून येत नाही. ज्याच्या बापाला आंगणात उभं केलं त्यानं का यावं, असं मला नेहमी वाटत आलं आहे, आणि तरी आईनं माझ्या मुलाला पाटावर बसवून ओवाळलं तेव्हा मी दाराकडे पाहिलं. आईनंही पाहिलं. कुणी काही बोललं नाही. रात्री मी दादाजवळ त्या दोन बांध्यांचा विषय काढला. तो म्हणाला, "मी एकट्यानं धुरा फोडला तं बाकीचे फोडतील का?" मी म्हणाले, "सगळ्यांना बसवून बोलता येईल." तो म्हणाला, "तू येशील का बसायला?" आणि उठून गुरांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. सकाळी मुलाला घेऊन पाळीवर गेले, पिल्लं दिसतात का पाहायला. ऊन पडलं होतं. मातामायच्या देवळाशेजारी दोन बांबूंच्या मधे मावशीनं जाळं वाळत टाकलं होतं, जुनं, जागोजागी निळ्या दोऱ्यानं सांधलेलं. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला जाळं असं जवळून माहीत नव्हतं. तो वाकून त्याच्या खाली शिरला आणि वर पाहत उभा राहिला. त्याच्या तोंडावर, शर्टावर सगळ्या चौकटी पडल्या. मी त्याला बाहेर बोलावणार होते, ओलं आहे, वास लागेल. मावशी तिथेच दगडावर बसून दोरा ओवत होती. "राहू द्या," ती म्हणाली. मग तो तसाच उभा राहिला, शिशाच्या गोळ्या बोटानं एकेक हलवत.

पिल्लं त्यानंच आधी पाहिली. "आई, तो लाल!" तीन दिवसांत डाग थोडा मोठा झाला होता, जरा काळसरही. काठाच्या गवतातून निघून तो वरच्या अंगाला, उथळ पाण्याकडे सरकत होता. मधेच एकदा त्याच्या खालून काहीतरी जड वळल्यासारखं पाणी हललं. आम्ही पाळीवरून त्याच्या बरोबरीनं चालत गेलो. पिल्लं आमच्या धुऱ्यापाशी येऊन अडली. मातीच्या कडेनं थोडा वेळ इकडे तिकडे फिरली, एकदा धुऱ्याच्या कोपऱ्यात दाट झाली, मग सावकाश मागे वळून खोल पाण्याकडे निघाली. धुऱ्याच्या पलीकडे, आठ दिवसांपूर्वी रोवलेलं आमचं धान वाऱ्यावर हलत होतं.